याडीच्या चाव्या

१

रीताने ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला, मग खांद्यापर्यंत घातला आणि शेवटी अख्खी कोठीच पालथी केली. ज्वारी घरभर पसरली. कडुनिंबाचा वाळका पाला निघाला, सोन्याचे कानातले बांधलेली पुरचुंडी निघाली, पैंजणांचा डबा निघाला. सासूची गळ्यात घालायची चांदीची हासळी तेवढी निघाली नाही.

जांबतळा तांडा ऊसतोडीहून परतला, त्या दिवशीची ही गोष्ट. दिवाळी झाली की तांड्यातली हातीपायी धड असलेली सगळी माणसं मुकादमाच्या ट्रकात बसून ऊस तोडायला जातात आणि उन्हं तापली की माघारी येतात. मधले महिने घरांना कुलपं असतात आणि सगळ्या कुलपांच्या चाव्या म्हाताऱ्या कमलीबाईच्या भिंतीवर. अमावास्येला आणि सणावाराला ती एकेक घर उघडते, झाडते, देवापुढे दिवा लावते आणि परत कुलूप घालते. घर अंधारात राहू नये, एवढीच त्यामागची समजूत. तिच्या सासूनेही हेच केलं होतं. तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. तिची स्वतःची नातवंडंसुद्धा याडीच म्हणतात.

रीताच्या घराचं कुलूप शाबूत होतं. कौल हललेलं नव्हतं. चावी याडीच्या खिळ्यावर होती. मग हासळी गेली कुठे, हे विचारायला फार अक्कल लागत नव्हती आणि तांड्यानेही ती फार खर्च केली नाही.

संध्याकाळी नसाब बसला, म्हणजे तांड्याची पंचायत. तांड्याचा प्रमुख सोमला नायक वयाने मोठा आणि आवाजाने हळू. त्याने विचारलं, "याडी, रीताच्या घराची चावी कवा कोनाच्या हातात गेल्ती काय?"

याडीने तोवरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. या एका प्रश्नाला ती गप्प राहिली.

"मंग देवीपुढं शपथ घेशीन?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तेवढ्यात तिचा नातू राजपाल, जो मालेगावला मोटार वायंडिंगचं दुकान चालवतो आणि त्या दिवशी मुद्दाम आला होता, ताडकन उभा राहिला. "माह्या याडीले या वयात शपथेले उभं करता? शपथ-बिपथ काई होनार नाई." त्याने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

सोमला बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काई सिद्ध झालं नाई. विषय सोडून द्या."

विषय सुटला खरा. पण दिवेलागणीपासून एकेक बाई येऊ लागली. कुणी म्हणे कुलूप बदलायचं आहे, कुणी म्हणे चावी सासरच्यांना दाखवायची आहे. बोलायला सगळ्या गोड होत्या. अंधार पडेपर्यंत भिंतीवर नुसते खिळे उरले.

२

वैजयंतीबाईंनी हे ऐकलं ते सहा महिन्यांनी, दसरा होऊन गेल्यावर, आणि तेही एका इंग्रजी शब्दामुळे.

बाई मालेगावच्या शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण खडू सुटला तरी शिकवणं काही सुटत नव्हतं. परीक्षा देणाऱ्या मुली दुपारी त्यांच्या ओट्यावर बसत. त्या दिवशी फळ्यावर तीन शब्द होते: अक्विट, ॲब्सॉल्व्ह आणि एक्झोनरेट. मुलींनी तिन्हींपुढे 'निर्दोष सोडणे' असं लिहून वही मिटली, आणि बाईंचं डोकं तापलं.

"तिन्हींचा अर्थ एकच असता तर इंग्रजांनी तीन शब्द कशाला पाळले असते? अक्विट कोर्ट करतं. तुझ्याविरुद्ध पुरेसं काही सापडलं नाही, जा घरी. ॲब्सॉल्व्ह म्हणजे केलेलं पाप माफ करणं. केलं होतं हे त्यात आलंच. एक्झोनरेट म्हणजे खरं काय घडलं ते उजेडात येणं आणि दोष या माणसाचा नव्हताच हे चारचौघांत मान्य होणं. मुळात त्या शब्दाचा अर्थ आहे ओझं उतरवणं."

मुली गेल्या. कमलीबाईची नात निता मात्र ओट्यावरून उठली नाही.

"मॅडम, मंग माह्या याडीले पंचांनी अक्विट केलं. एक्झोनरेट नाई केलं."

तिने सगळं सांगितलं. याडी आता अर्धी भाकरी खाते. पाणवठ्यावर बाया तिला वाट देतात, पण बोलत नाहीत. निताचा भाऊ राजपाल हातापाया पडतो की मालेगावला चल, तर म्हणते, नाव साफ झाल्याशिवाय तांडा सोडला तर चोरी खरी होईल. दिवाळीनंतर ट्रक येणार आणि चाव्या यंदा फुलचंद कारभाऱ्याच्या आईकडे जाणार. एकदा रीत दुसऱ्या घरी गेली की ती परत येत नाही.

"थे म्हनते, मी मेली तं चोट्टी म्हनूनच मरीन." निताने डोळे पुसले. "मॅडम, कोनाले एक्झोनरेट करायचं असन तं कोन करते?"

प्रश्न व्याकरणाचा नव्हता. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

आतून त्यांचे यजमान शालिग्रामभाऊ पेपर बाजूला सारून म्हणाले, "काहून, तुह्या शब्दकोशात पोलीस ठेसन नाई काय? नसन तं तूच शोध. घे चप्पल, तांड्यात जाऊ. स्कूटर काढतो मी."

"एक ध्यानात ठेव," बाई निताला म्हणाल्या. "याडीचा दोष नाही हे दाखवायचं तर दोष कुणाचा ते शोधावं लागेल. ते तुझ्या आवडीचं निघेलच असं नाही."

"निघू द्या," निता म्हणाली. ती विशीतली होती.

३

तांड्यात सोयाबीनचं मळणीयंत्र धडधडत होतं आणि कुटाराचा, म्हणजे भुशाचा, धुरळा सगळ्यांच्या पापण्यांवर बसला होता. फुलचंद कारभारी बाईंना यंत्राजवळच भेटला. माणूस पस्तिशीचा, खिशाला दोन पेनं, बोलण्यात घाई.

"आमाले काई दुश्मनी नाई याडीशी. पन जमाना बदलला, मॅडम. माह्या मायच्या घरापुढं मी कॅमेराच बसवून राह्यलो."

"म्हणजे चाव्या तुमच्याकडे आल्या की तुमचा मान वाढणार."

"वाढला तं वाढला." तो ओशाळला नाही. "पन हासळी गेली तवा मी टोळीसंगं कारखान्यावर होतो. दिवाळीपासून एक दिवस तांड्यात पाय नाई ठेवला. इचारा कोनालेही."

बाईंनी खरंच विचारलं. टोळीतल्या प्रत्येकाने तेच सांगितलं. फुलचंदला चाव्या हव्या होत्या हे खरं, पण हवं असणं आणि हात पोचणं यांत तीन जिल्ह्यांचं अंतर होतं.

रीता घरात भाकरी थापत होती. तिने परातीवरून नजर उचलली नाही. "हासळी मले तशी आवडे नाई. लय जड. अमरदीपले इचारून मोडनार होतो, पोरीले वाळे करायले. थे बी हो म्हनले होते."

अमरदीप म्हणजे तिचा नवरा. तो दारात बसून दोरी वळत होता. त्याने मान हलवली.

बाईंच्या मनात एक शंका येऊन गेली, की हिनेच लपवली असेल. पण नवराच मोडायला तयार होता, मग चोरीचं सोंग कशाला करायचं? शंका आली तशी गेली.

"हासळीवर काही खूण होती का?"

"दोन राघू कोरले होते, चोचीले चोच लावून. सासूच्या बापानं मालेगावात घडवली होती. तिथले सगळे सोनार ओयखतात."

"आणि कानातल्याची पुरचुंडी कोठीत कुठे होती?"

"वरतंच. हासळी पार बुडाशी."

बाई चुलीपाशी उकिडव्या बसल्या त्या बसल्याच. सोनं वर आणि चांदी तळाशी. चोराचा हात सोन्याला लागल्याशिवाय चांदीपर्यंत पोचलाच नसता. त्याने सोनं बाजूला सारलं, खाली हात घातला आणि नेमकी तीच वस्तू उचलली जी या मुलखात कुठेही विकता येत नव्हती.

वर कुलूप नीट लावून, चावी खिळ्यावर परत. ज्याच्याकडे चावी नाही तो कुलूप फोडतो. ज्याच्याकडे चावी आहे आणि ज्याला वाचायचं आहे तोसुद्धा कुलूप फोडतो, म्हणजे संशय बाहेर जातो. इथे तर कुणीतरी संशय उचलून याडीच्या दारात नेऊन ठेवला होता.

"शालिग्राम," बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "हासळी कोनाले नकोच होती. याडीच्या हातून चाव्या जाव्यात, एवढंच कोनाले तरी पायजे होतं."

"मंग म्हातारीचा वैरी कोन?"

"थेच तं. सगळे म्हनतात, तिचा कोनी वैरी नाई."

४

याडीच्या घरात भिंतीवर खिळ्यांच्या दोन ओळी होत्या. प्रत्येक खिळ्याखाली चावीच्या घासण्याने मातीला एक गुळगुळीत चर पडला होता. म्हातारी त्या भिंतीकडे पाठ करून बसली होती. पूर्वी ती भिंतीकडे तोंड करून बसायची, हे निताने नंतर सांगितलं.

बाईंनी गूळ-शेंगदाणे घेतले, पाणी घेतलं आणि सोयाबीन कसं झालं ते विचारलं. मग हळूच मुद्द्यावर आल्या. "मागच्या साली तांडा खाली असताना तुमच्याकडं कोणकोण आलं?"

"शेळ्यावाला ये. डाकवाला ये. हे पोट्टी सुटीत ये."

"आणि राजपाल?"

"थो तं माह्याच घरचा. तो येनारच." याडीने पदर डोक्यावर ओढला.

"होळीला आला होता?"

"आल्ता. पुरनपोळी खाऊन गेला."

"होळीला घराघरात दिवा लावायचा असतो ना? गुडघे तर तुमचे धरलेले. मग कुलपं कुणी उघडली?"

याडी उठली. चुलीवर काही नव्हतं, तरी तिने चूल फुंकली. धुराने डोळे चोळत म्हणाली, "मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या. माह्यावर एक मेहेरबानी करा. हे जसं हाये तसं राहू द्या. माह्यी काई तक्रार नाई."

बाई थबकल्या. चोरीचा आळ आलेलं माणूस एकतर रडतं, नाहीतर भांडतं. हिचं नाव धुवायला आपण आलो आणि हीच पाण्याचा हंडा मागे ओढते आहे. निता दाराशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच एक शंका उमटली, की याडीनेच तर घेतली नसेल?

बाईंनाही तसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

५

राजपालचं दुकान मालेगावच्या बसस्टँडमागे. दारात जळक्या मोटारींची रांग, आत तांब्याच्या तारेची भेंडोळी. बाईंना बघताच तो उठला, स्टूल पुसून दिलं आणि चहा सांगितला. आठवीत तो बाईंच्याच वर्गात होता. हुशार नव्हता, पण बाकावर कुणी रडत असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसायचा.

"मॅडम, कायले उकरून राह्यल्या हे? पंचांनी सोडून दिलं ना. सिद्ध काईच नाई झालं. मंग संपलं."

"याडीसाठी संपलेलं नाही."

"तिले मी इथी आनतो. त्या भानगडीनंतर लगेच खोली केली तिच्यासाठी. पन येतच नाई थे." त्याने चहाचा कप बाईंपुढे सरकवला. "तुमी सांगा ना तिले, तुमचं आयकन."

खोली मागच्याच गल्लीत प्रयागबाईंच्या वाड्यालगत होती. प्रयागबाई विधवा, बोलकी आणि भाडेकरूच्या भल्याबुऱ्याची चौकशी करणारी. तिने कुलूप काढून खोली दाखवली. गुडघे वाकू नयेत म्हणून खाट उंच करून घेतलेली. दाराचा उंबरा तासून सपाट केलेला. संडासात भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवलेला, वर रंगही दिलेला.

बाईंना भरून आलं. "किती माया आहे पोराची."

"हाये तं," प्रयागबाई म्हणाली. "अन् खोली अशीच खाली पडून हाये शिवरात्रीपासून. मी म्हनलं, बाप्पा, कवा येनार तुह्यी याडी? तं म्हने, होळी होऊ द्या, मंग येईनच थे."

बाईंचा हात त्या दांड्यावरच राहिला.

हासळी गेल्याचं तांड्याला कळलं उन्हाळ्यात. राजपाल म्हणाला होता, त्या भानगडीनंतर खोली घेतली. खोली तर भानगडीच्या आधीपासून वाट बघत होती. आजीसाठी खोली घेणं हा काही गुन्हा नाही. मग त्याबद्दल खोटं कशाला बोलला?

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परत तांड्यात गेल्या, या वेळी सरळ सोमला नायकाकडे. नायक कडुनिंबाखाली विळ्याला धार लावत होता.

"नायकजी, तुमच्याकडं शपथ कशी घेतात?"

"देवीपुढं उभं राह्यचं, भोग लावायचा, खरं थे बोलायचं." त्याने धार बोटावर तपासली. "पन एकट्यानं नाई घेत आमच्या तांड्यात. घरचं एक मानूस मांगं उभं राह्यते अन् शपथ घेनाराच्या पाठीवर हात ठेवते. म्हंजे शपथ त्याचीबी झाली. खोटी निघाली तं दोघाले लागते."

"घरचं म्हणजे कुणीही?"

"घरातला कर्ता मरद असला तं तोच. पोरी नाई चालत."

"याडीच्या घरात राजपालशिवाय कर्ता मरद कोण आहे?"

सोमलाची धार थांबली. नसाबाच्या दिवशी तो ज्या नजरेने जमिनीकडे बघत होता, त्याच नजरेने त्याने आता बाईंकडे बघितलं. या माणसाने हा हिशेब कधीच केला होता आणि फक्त बोलून दाखवला नव्हता, हे बाईंना कळायला वेळ लागला नाही.

सगळा तांडा समजून बसला होता की याडीला खोटी शपथ घ्यायची भीती होती. पण याडी तर उठली होती. बसवलं तिला दुसऱ्याने.

७

"गिऱ्हाईक आलं तर सांग, दुकान बंद आहे," बाई म्हणाल्या आणि राजपालने पुसून दिलेल्या स्टुलावर बसल्या.

राजपाल तार गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"चोराने सोनं सोडलं आणि ओळखीची हासळी नेली. म्हणजे त्याला विकायचं नव्हतं. कुलूप शाबूत ठेवलं, म्हणजे त्याला याडीवर आळ यायला हवा होता. फुलचंदला चाव्या हव्या होत्या, पण तो कारखान्यावर होता. रीताची वस्तू मोडायला नवऱ्याची हरकत नव्हती. होळीला याडीचे गुडघे धरले होते, तरी घराघरात दिवे लागले. कुलपं कुणी उघडली ते याडी मला सांगत नाही. नसाबातही तिने सांगितलं नाही. ती ज्याच्यासाठी गप्प बसेल असा माणूस या जगात एकच आहे. त्याने शिवरात्रीला तिच्यासाठी खोली घेतली आणि मला तारीख पुढची सांगितली. आणि देवीपुढं तिच्या पाठीवर हात ठेवायची पाळी आली, तेव्हा त्याने तिला शपथच घेऊ दिली नाही."

तार तुटली. राजपालने दोन्ही टोकं हातात धरली.

"पौषात विहिरीपाशी पडली थे, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "रातभर थंडीत पडून होती. आवाज देऊन राह्यली होती, पन आयकाले तांड्यात मानूसच नाई. सकाळी शेळ्यावाल्याले दिसली. मी पायावर डोकं ठेवलं, म्हनलं चल मालेगावले. म्हने, तांड्याचं वझं माह्या डोक्यावर हाये. कोनी उतरवलं तं येईन." त्याने तोंड फिरवलं. "मंग मी उतरवलं. वाटलं, चार दिवस बोलतीन लोकं, चाव्या घेतीन अन् थे इकडं येईन. मंग हासळी कुठी तरी सापडवून देतो. पन थे आलीच नाई. अन् मी जेवढा उशीर केला तेवढं सांगनं अवघड होत गेलं."

एका जळक्या मोटारीचं कवच त्याने उघडलं. आत फडक्यात हासळी होती, राघू चोचीला चोच लावून.

बाईंना त्याचा राग आला होता. आता तो राग कुठे ठेवावा ते कळेना. संडासातला तो दांडा सारखा डोळ्यांपुढे येत होता.

"तुझी माया खरी आहे, राजपाल. पण ती बिचारी सहा महिने चोर म्हणून पाणी भरते आहे. मी नसाबात सांगू शकते. मी सांगितलं तर लोक म्हणतील, मास्तरीणबाईंनी नातवाला पकडलं. ते तूच सांगायला हवंस. आणि आधी निताला सांग."

"थे मले कवाच माफ नाई करनार."

"तिनेच मला हे शोधायला सांगितलं. तिलाही काहीतरी पेलावं लागेल."

८

दिवाळी झाली आणि ट्रक यायच्या आदल्या दुपारी नसाब बसला. निता एका बाजूला उभी होती, डोळे सुजलेले. भावाशी ती दोन दिवस बोलली नव्हती, पण येताना त्याच्याच मोटारसायकलवर बसून आली होती.

राजपालने हासळी रीताच्या ओटीत ठेवली आणि मालेगावला जे सांगितलं ते सगळं परत सांगितलं. एकही शब्द कमी केला नाही. रीताने हासळी हातात घेतली, राघूंवरून अंगठा फिरवला आणि याडीकडे बघून ढसाढसा रडायला लागली.

फुलचंद कारभारी उठला. "याले मोठा दंड पायजे. तांड्याच्या रीतीले हात लावला यानं."

सोमलाने त्याला हाताने बसवलं आणि याडीकडे वळला. "तुले माईत होतं?"

"पाठीवर हात नाई आला तवाच समजलं," याडी म्हणाली.

"मंग बोलली काहून नाई?"

"माह्यं काय, मी आज हाये, उद्या नाई. माह्यासंगं हा चोरीचा आळबी जाईन. याले अख्खा जनम काढायचा हाये."

मळणीयंत्र बंद होतं. वैजयंतीबाई मागे बाजेवर बसल्या होत्या. चष्मा पुसला तरी त्यांना नीट दिसेना. म्हातारीकडे चोर म्हणून आपणही एकदा बघितलं होतं, हे त्यांना फार लागलं.

सोमला म्हणाला, "दंड असा. ट्रक जाईन तवापासून ट्रक येईपर्यंत राजपाल रोज रात्री तांड्यात झोपन. दिवसा दुकान करन, रात्री याडीच्या अंगनात. घरोघरच्या दिव्यात तेलबी तोच घालन. मंजूर?"

राजपालने नुसती मान हलवली.

"थांबा," याडी म्हणाली. "माह्यी शपथ राह्यली हाये."

"आता कायले शपथ, याडी? सगळं कळलं ना."

"कळलं तुमाले. देवीले मी सांगतलं नाई अजून."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. देवीच्या ओट्यापुढे तूप-लापशीचा भोग लागला, धूर वर गेला. याडी हात जोडून उभी राहिली आणि थांबली. पाठीमागे जागा रिकामी होती. राजपाल चार पावलं दूर मान खाली घालून उभा होता.

"ठेव," याडी मागे न बघता म्हणाली.

राजपालने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग निता पुढे आली. पोरींचा हात चालत नाही, असं कुणीतरी कुजबुजलं. सोमलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. निताने भावाच्या हातावर आपला हात ठेवला. याडीने शपथ घेतली.

याडीच्या घरी पहिली चावी रीताने आणली. खिळा शोधायची गरज नव्हती, चर ओळखीचा होता. तिच्यामागे बाया येत गेल्या. ज्या कुलूप बदलायचं म्हणून चावी घेऊन गेल्या होत्या त्यांचीही जुनीच चावी होती. सगळ्यात शेवटी फुलचंदची आई आली आणि लेकाकडे न बघता चावी अडकवून गेली.

निता बाईंजवळ येऊन बसली. "मॅडम, हेच ना एक्झोनरेट?"

"हेच. चारचौघांत."

"त्याचा अर्थ वझं उतरवनं, असं सांगतलं होतं तुमी."

याडीने खिळ्यांवरच्या सगळ्या चाव्या काढून गोफात ओवल्या होत्या आणि गोफ कमरेला बांधत होती. उद्या ट्रक निघाला की घरोघर कुलूप घालायची तयारी. वजनाने लुगडं एका बाजूला ओढलं गेलं. तिने ते सारखं केलं आणि निताचं बोलणं कानावर पडल्याने हसली. सहा महिन्यांत ती हसलेली कुणी बघितली नव्हती.

"उतरवलं म्हनते? पाह्य इकडं," तिने जुडगा हलवून दाखवला. "तुह्या मॅडमले सांग, लय जड हाये. आता कोनी उतरवू नका."

मग राजपालला हाक मारून म्हणाली, "त्या खोलीतल्या संडासात दांडा बसवला म्हने तू. थो काढून इथी आन."

दुसऱ्या दिवशी ट्रक भरून निघत असताना राजपाल मोटारसायकलला लोखंडी दांडा बांधून तांड्यात शिरला.